वस्तीचा आठवडी बाजार ना-नफा तत्त्वावर कसा उभा करावा: जागेपासून जमाखर्चापर्यंत

पालिकेने बांधलेली मंडई कुलूपबंद, आणि तिच्याच दारात रस्त्यावर भाजीवाल्यांची रांग. महाराष्ट्रातल्या बऱ्याच शहरांत हे दिसतं आणि कारणंही बहुतेक तीच असतात. भाजीचे गाळे वरच्या मजल्यावर काढलेले असतात, पण हातात पिशव्या घेऊन जिना चढायला गिऱ्हाईक तयार नसतं. गाळ्यांचा लिलाव होतो, अनामत रक्कम पाटीवालीच्या आवाक्याबाहेर जाते आणि गाळा घेणारा त्याचं गोदाम करतो. इमारतीला निधी मिळालेला असतो. ती रोज चालवणाऱ्या माणसाच्या पगाराची तरतूद मात्र कुठेच नसते.

म्हणून हा लेख इमारतीपासून सुरू होत नाही. साधारण ३० स्टॉलचा, आठवड्यातून एकदा भरणारा, एखाद्या संस्थेने ना-नफा तत्त्वावर चालवलेला बाजार डोळ्यांसमोर ठेवून पायऱ्या दिल्या आहेत. ना-नफा ही अट संस्थेला आहे, विक्रेत्याला नाही. विक्रेत्याने कमवायचंच आहे. संस्थेकडे उरलेली शिल्लक सभासदांत वाटली जात नाही, ती बाजारातच परत जाते, एवढाच त्याचा अर्थ. खालचे रुपयांचे आकडे नमुन्याचे आहेत. आपल्या गावचे दर घालून तोच हिशेब पुन्हा करायचा.

पहिली पायरी: किती घरं लागतील ते काढा

बाजार चालेल का, हे मैदान बघून कळत नाही. उलट्या बाजूने हिशेब करावा लागतो. विक्रेत्याचं जागाभाडं त्याच्या विक्रीच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त होऊ नये, हा आपला नियम धरा. ३० स्टॉलकडून एका बाजाराचं मिळून १५,२०० रुपये भाडं अपेक्षित असेल (हा आकडा कसा आला ते पुढे आहे), तर त्या दिवशी एकूण विक्री किमान १,५२,००० रुपयांची व्हायला हवी. एक कुटुंब सरासरी ३०० रुपयांची खरेदी करतं असं धरलं, तर दर बाजाराला सुमारे ५०० कुटुंबांनी प्रत्यक्ष पैसे खर्च करायला हवेत. फिरून, भाव विचारून, फोटो काढून जाणारे यात धरायचे नाहीत.

दर दहा घरांतलं एक घर नियमाने येईल असं मानलं, तर पायी पंधरा मिनिटांच्या अंतरात ५,००० घरं हवीत. चाळी, म्हाडा वसाहती, जुनी पेठ अशा दाट वस्तीत हा आकडा सहज बसतो. बंगल्यांच्या कॉलनीत बसत नाही आणि तिथे गाड्यांवर येणाऱ्यांसाठी पार्किंगची वेगळी डोकेदुखी उभी राहते. घरं कमी असतील तर स्टॉल कमी करा. २,००० घरांच्या वस्तीत १२ स्टॉलचा बाजार उत्तम चालतो. तिथे ३० स्टॉल मांडले तर तिसऱ्या आठवड्यापासून विक्रेते गळायला लागतात.

वार ठरवताना तालुक्याचा आणि आजूबाजूच्या गावांचा आठवडे बाजार आधी बघा. त्याच दिवशी भरवला तर शेतकरी तिकडे जाणार, आणि ते बरोबरच आहे. नोकरदार वस्तीला शनिवारची संध्याकाळ किंवा रविवारची सकाळ सोयीची. अंडी, मासळी ठेवणार असाल तर रविवार घ्या, कारण सोमवार, गुरुवार, शनिवार पाळणारी घरं बरीच असतात. एकदा वार आणि वेळ ठरली की ती सोडायची नाही. पाऊस असो, सामना असो, लग्नसराई असो, बाजार भरलाच पाहिजे, भले दहाच स्टॉल का असेनात. दोनदा रिकाम्या हाताने परतलेलं गिऱ्हाईक तिसऱ्यांदा येत नाही.

दुसरी पायरी: जागा

३० स्टॉलना किती जागा लागते? १० × १० फुटांचा छत्रीमंडप, समोरासमोर दोन रांगा, प्रत्येकीत १५. दर पाच स्टॉलनंतर ४ फुटांची फट ठेवली तर रांग साधारण १६० फूट लांब होते. रुंदीत दोन रांगांचे २० फूट, मधली वाट १२ ते १४ फूट आणि मागे माल ठेवायला दोन्हीकडे ६ फूट, म्हणजे ४६ फूट. एकूण ७,४०० चौरस फुटांच्या आसपास. बसायला कट्टे, पाण्याची टाकी, दुचाकी पार्किंग धरून १०,००० चौरस फूट मोकळे हवेत. मधली वाट १४ फुटांपेक्षा रुंद करू नका. रुंद वाटेत गर्दी असूनही बाजार ओस दिसतो आणि लोक एकाच बाजूने चालत निघून जातात. १० फुटांपेक्षा अरुंद केली, तर बाबागाडी आणि पिशव्यांची कोंडी होते.

जून ते सप्टेंबरचं काय, हा प्रश्न जागा ठरवतानाच सोडवायचा असतो. शाळेची शेड, मंगल कार्यालयाचं पार्किंग, उड्डाणपुलाखालची जागा आणि अर्थातच ती कुलूपबंद मंडई, हे पर्याय आधी तपासा. मंडईचा फक्त तळमजला आणि समोरचं आवार मागितलं तरी पुष्कळ. वरचे मजले सुरुवातीला मागूच नका. त्यांचं वीजबिल आणि गळती मात्र तुमच्या माथी येते. पुण्याची महात्मा फुले मंडई १८८६ पासून उभी आहे. मधला मनोरा, त्यातून बाजूंना फुटलेल्या लांब शाखा, आणि सगळा व्यवहार जमिनीच्या पातळीवर. नव्या इमारती काढणाऱ्यांनी निदान ती एकदा नीट बघावी.

जागेचा करार लेखी हवा. ११ महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्सवर सुरुवात करायला हरकत नाही, पण दुसऱ्या वर्षापर्यंत किमान पाच वर्षांच्या कराराची बोलणी व्हायला हवीत. असं का, ते शेवटी येईल.

तिसरी पायरी: संस्था आणि परवानग्या

संस्थेचे तीन-चार मार्ग आहेत. कंपनी कायदा २०१३ मधली कलम ८ ची (ना-नफा) कंपनी, महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० खालचा न्यास, किंवा विक्रेत्यांचीच सहकारी संस्था. कलम ८ ची कंपनी दोन संचालकांवर सुरू होते, हिशेबाची शिस्त कडक असते आणि सीएसआर (कंपन्यांचा सामाजिक जबाबदारीचा निधी) देणाऱ्या कंपन्यांना ती समजते. न्यासात विश्वस्त वगैरे बदलल्याचा 'बदल अर्ज' मंजूर व्हायला वेळ लागतो. सहकारी संस्थेत विक्रेत्यांची मालकी खरी असते, पण सभासदच भाडं ठरवू लागले की भाडं कधी वाढत नाही, असा अनुभव सर्रास आहे. सुरुवात करणाऱ्यांना आम्ही कलम ८ सुचवू, मात्र संचालक मंडळावर विक्रेत्यांच्या तीन जागा राखून.

इथे एक खड्डा आहे. सर्वसाधारण लोकोपयोगी उद्देशाची संस्था व्यापारी स्वरूपाचं काम करत असेल आणि त्यातलं उत्पन्न एकूण जमेच्या २० टक्क्यांवर गेलं, तर आयकराची सवलत धोक्यात येते. स्टॉलचं भाडं हे त्या नजरेने पाहिलं जाऊ शकतं. म्हणून उद्देशपत्रिका लिहितानाच चार्टर्ड अकाउंटंटला बसवा. गरीब आणि अल्प उत्पन्न गटातल्या उद्योजकांना साहाय्य हा मुख्य उद्देश असेल, तर तो नुसता कागदावर न ठेवता विक्रेत्यांच्या निवडीतही दिसला पाहिजे. सीएसआरचा निधी घ्यायचा असेल तर सीएसआर-१ नोंदणी लागते आणि त्याआधी आयकर सवलतीच्या १२ए व ८०जी या नोंदण्या.

पालिकेकडे मालमत्ता विभाग, वॉर्ड ऑफिस आणि घनकचरा विभाग अशा तीन खिडक्या. खासगी बाजार भरवायला पालिका कायद्यात वेगळी परवानगी आहे, ती तोंडी हो-वर सोडू नका. शिवाय वाहतूक पोलिसांचं ना हरकत पत्र आणि अग्निशमन दलाचं पत्र.

आणि फेरीवाले. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने प्रत्येक शहरात पथविक्रेता समिती असते, तिच्यात किमान ४० टक्के सदस्य निवडून आलेले पथविक्रेते असतात आणि त्यातल्या एकतृतीयांश महिला. त्या समितीला आधी भेटा. पालिकेचे काही अधिकारी तुमचा बाजार म्हणजे रस्त्यावरचे गाडे हटवायचं निमित्त समजतात. ते पहिल्याच बैठकीत खोडून काढायला हवं. त्या वाटेवर रोज बसणाऱ्या जुन्या भाजीवालीला तुमच्या बाजारात पहिली जागा द्या, सवलतीत द्या. तिची गिऱ्हाइकं तिच्या मागून येतात. तिला बाहेर ठेवून सुरू केलेला बाजार वस्तीला परका वाटतो, आणि तसा तो असतोही.

चौथी पायरी: विक्रेते निवडणं

जाहिरात दिली की पहिल्या ५० अर्जांत ३० अर्ज पापड, लोणची, मसाले आणि मेतकुटाचे येतात. बचत गटांना वर्षानुवर्षं तेच प्रशिक्षण मिळालंय, त्यांचा दोष नाही. पण तीन लोणच्यांचे स्टॉल शेजारी बसले की तिघींची विक्री एकीपुरती होते. ३० स्टॉलची वाटणी साधारण अशी बसते: १२ भाजी, फळं, धान्य, अंडी, ८ प्रक्रिया केलेले पदार्थ, त्यात एका प्रकाराचे जास्तीत जास्त दोन, ६ गरम खाण्याचे, ४ कपडे, हस्तकला आणि सेवा. शेवटच्या चारांत निदान एक दुरुस्तीचा ठेवा. सुरी-विळीला धार, मिक्सर दुरुस्ती, चप्पल शिवणारा, साडीला फॉल-पिको. दुरुस्तीला टाकलेली वस्तू घ्यायला माणूस तासाभराने परत येतो, आणि तो तास बाजारातच घालवतो.

शेतकऱ्याच्या नावाने बसणारा व्यापारी ही सगळ्यात जुनी तक्रार. २०१६ मध्ये राज्याने फळं-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून काढला, त्यामुळे शेतकऱ्याला शहरात थेट विकायला अडचण नाही. मग अडचण ओळखण्याची उरते. अर्जासोबत चालू हंगामाची पीक नोंद असलेला सातबारा घ्या, ई-पीक पाहणीमुळे ती मोबाइलवर बघता येते. एकाच टेबलावर सफरचंद, आलं आणि मेथी दिसली तर तो माल मार्केट यार्डातला. वर्षातून एकदा शेतावर जाऊन या. शेतकऱ्याला शेजाऱ्याचा माल आणायची मुभा द्या, पण पाटीवर गाव आणि नाव लिहूनच. अमेरिकेतल्या सिएटलचं पाइक प्लेस मार्केट १९०७ मध्ये सुरू झालं तेही मध्यस्थांमुळे कांदा महागल्याच्या ओरडीतून, आणि 'पिकवणाऱ्याला भेटा' ही त्याची ओळख आजतागायत टिकून आहे. व्यापारी नकोच असं नाही. कांदा-बटाटा-लसूण बारा महिने हवाच, तो एका व्यापाऱ्याकडून घ्या आणि त्याच्या पाटीवर 'व्यापारी' असं स्वच्छ लिहा.

प्रतीक्षा यादी बाजाराच्या फलकावर लावा, अर्जाच्या तारखेसह. स्थानिक नेत्यांचे फोन येणारच, आणि भिंतीवरची यादी दाखवून 'सतरावा नंबर आहे, साहेब' म्हणणं व्यवस्थापकाला सोपं जातं. वाढदिवसाचे फ्लेक्स आवारात लागणार नाहीत, हाही नियम पहिल्याच दिवशी लिहून काढा. एकाचा लागला की दुसऱ्याचा थांबवता येत नाही.

पाचवी पायरी: जमाखर्च

महिन्याला चार बाजार धरून खर्च असा मांडा:

- व्यवस्थापक (अर्धवेळ): २४,०००
- दोन मदतनीस, प्रत्येकी ८०० रुपये रोज: ६,४००
- सफाई आणि कचरा वाहतूक: ६,०००
- जागेचं भाडं: ८,०००
- वीज, पाणी: ३,०००
- मंडप ने-आण करायला टेम्पो: ४,८००
- पत्रकं, फलक: ४,०००
- विमा, ऑडिट, दुरुस्ती निधी: ५,०००

एकूण ६१,२००, म्हणजे एका बाजाराला १५,३००. आता जमा. शेतकरी १२ × ३०० = ३,६००. प्रक्रिया पदार्थ ८ × ४५० = ३,६००. गरम खाणं ६ × १,००० = ६,०००. कपडे व सेवा ४ × ५०० = २,०००. एकूण १५,२००. कागदावर हिशेब जवळपास जुळला आणि इथेच बहुतेक संस्था फसतात, कारण सगळे स्टॉल कधीच भरत नाहीत. पेरणी असते, आजारपण असतं, गावची जत्रा असते. ८५ टक्के भरले तर जमा १२,९२० आणि तूट २,३८०. महिन्याला साडेनऊ हजार, वर्षाला १ लाख १४ हजारांच्या आसपास.

ही तूट पहिल्याच दिवशी कागदावर मांडा आणि ती कुठून भरणार ते ठरवा. बँक, सौर पॅनलवाले, विमा एजंट असे दोन व्यावसायिक टेबल प्रत्येकी १,५०० रुपयांनी दिले तर ती भरून निघते. पण दोनच. चार झाले की बाजाराचं प्रदर्शन होतं आणि लोक भाजी घ्यायची सोडून पत्रकं चुकवत चालतात. देणगीदार मिळाला तर त्याच्याकडे दोन वर्षांचा व्यवस्थापकाचा पगार मागा. देणगीदारांना नाव लावता येईल असा मंडप किंवा गाडा द्यायला आवडतं. मंडप उन्हा-पावसात तीन वर्षांत फाटतो. नीट व्यवस्थापक दोन वर्षांत बाजार स्वतःच्या पायावर उभा करतो आणि तो सोडून गेला की सगळं ढेपाळतं, म्हणून हातचा मदतनीस तयार ठेवा.

भाडं पावती फाडूनच घ्या, बाजार सुरू झाल्यावर दोन तासांनी, यूपीआय असेल तर संस्थेच्याच खात्यात. सकाळी-सकाळी भाडं मागितलं तर भवानीही झालेली नसते, माणूस नाराज होतो. श्रावणात अंडी-मासळीवाल्यांना निम्मं भाडं लावा. नाहीतर ते महिनाभर गायब होतात आणि त्यातले काही परत येत नाहीत.

सहावी पायरी: मांडणी, वीज, गॅस

सगळ्यांची गरज असलेली भाजी प्रवेशापाशी ठेवायचा मोह होतो. मग लोक दारातच मेथीच्या जुड्या घेतात आणि जड पिशवी सांभाळत घरी वळतात. भाजीचे दोन-तीन स्टॉल दारात, बाकीचे पार टोकाला, आणि मधल्या वाटेवर नवे विक्रेते. गरम खाणं वाऱ्याच्या खालच्या बाजूला, बसायच्या कट्ट्यांजवळ. मासळी नळ आणि गटाराच्या जवळ, शाकाहारी खाण्यापासून लांब, तिच्यासाठी बर्फ आणि झाकणाचा डबा सक्तीचा.

एप्रिल-मेच्या वळिवात हलके छत्रीमंडप उडतात आणि माणसं जखमी होतात. प्रत्येक पायाला पाण्याने भरलेला २० लिटरचा कॅन बांधा, त्याचं वजन २० किलो होतं. विटा बांधू नका, त्या निसटतात.

विजेचा हिशेब सोपा आहे. ३० एलईडी दिवे प्रत्येकी २० वॅट म्हणजे ६००, तीन फ्रीझर प्रत्येकी ३०० म्हणजे ९००, चार मिक्सर-ज्यूसर प्रत्येकी ७५० म्हणजे ३,०००. एकूण साडेचार किलोवॅट. त्यात एक इंडक्शन शेगडी २,००० वॅट खाते, आणि तीन विक्रेत्यांनी न सांगता ती आणली की ऐन गर्दीत अंधार. इंडक्शनला बंदीच घाला. जोडणी तीन वेगळ्या सर्किटवर विभागा आणि प्रत्येकावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच) लावा. वायरचे जोड जमिनीपासून पाच फूट वर. तात्पुरत्या जोडणीचा अर्ज महावितरणकडे वेळेत टाका. शेजारच्या दुकानातून वायर ओढणं बेकायदा तर आहेच, पण आग लागली की विम्याचा दावाही बुडतो.

गॅस व्यावसायिक निळ्या सिलिंडरचाच, घरगुती लाल चालणार नाही. सिलिंडर उभा, शेगडीपासून दूर, नळी सुरक्षा-नळी आणि तिच्यावरची मुदत वाचलेली. तळणीच्या स्टॉलना प्रत्येकी अग्निशामक आणि कढईवर बसेल असं झाकण. पेटलेल्या तेलावर पाणी टाकायचं नाही, हे कामावरच्या पोराला करून दाखवा, नुसतं सांगू नका.

सातवी पायरी: बाजाराचा दिवस

चार ते नऊचा बाजार असेल तर दीड वाजता फक्कीने रेषा आणि स्टॉल नंबर मारायचे. दोनला मंडप. अडीच ते साडेतीन गाड्या आत, पाच-पाचच्या गटाने. एकदम सोडल्या तर एकही बाहेर निघत नाही. पावणेचारपर्यंत सगळ्या गाड्या बाहेर. मग व्यवस्थापक १ आणि ५ किलोची प्रमाणित वजनं घेऊन प्रत्येक काट्यावर ठेवून बघतो. इलेक्ट्रॉनिक काट्याची वैधमापन विभागाकडून दरवर्षी फेरपडताळणी आणि शिक्का लागतो. पडताळणीची तारीख नोंदवहीत असली की मुदत संपायच्या आधी आठवण करता येते. गिऱ्हाइकासाठी एक 'खात्रीचा काटा' दारात ठेवा. त्यावर कोणी फारसं वजन करत नाही, पण तो आहे एवढ्याने बाकीचे काटे सरळ राहतात.

पालेभाजी सकाळी तोडलेली असते, दुपारी माना टाकते. ओलं गोणपाट आणि सावली पुरते. दर पाच मिनिटांनी पाणी मारत बसलं तर मेथी-कोथिंबीर काळी पडते.

माल संपला म्हणून साडेसातला कोणी आवरायला घेतलं की शेजारीही आवरतो आणि आठ वाजता आलेल्या माणसाला बाजार उठलेला दिसतो. साडेआठच्या आधी आवरायचं नाही. माल संपला तर टेबलावर 'संपलं, पुढच्या शनिवारी या' अशी पाटी आणि पुढच्या ऑर्डरची वही. या वहीतून नियमित गिऱ्हाईक तयार होतं.

ओला कचरा सगळ्यात जास्त कोबी-फ्लॉवरची पानं, मक्याची सालं आणि उसाचं चिपाड. पानं गोठ्याला जातात, आधी बोलून ठेवा. भाजी नेणारे शेतकरी रिकामी गाडी घेऊनच परत जात असतात. प्लास्टिक पिशवी बंद, त्याऐवजी वस्तीतल्याच शिवणकाम करणाऱ्या बायकांच्या कापडी पिशव्या दारात विक्रीला.

आठवी पायरी: नव्या उद्योजकाला धंदा शिकवणं

यात सगळ्यात मोठी चूक भाव ठरवण्यात होते. नाचणीच्या लाडवांचा हिशेब घ्या. एक किलोसाठी नाचणी पीठ ४०० ग्रॅम (२८ रुपये), गूळ ३०० ग्रॅम (२१), तूप २५० ग्रॅम (१७५), सुकामेवा-वेलची ५० ग्रॅम (५०). साहित्य २७४ रुपये. ताई ४०० रुपये किलोने विकतात आणि किलोमागे सव्वाशे सुटले असं धरतात. आता राहिलेलं धरा. गॅस १२, पाव किलोचे चार डबे ३२, लेबलं ६. स्टॉलचं भाडं आणि रिक्षा मिळून ६५०, दिवसाला दहा किलो खपले तर किलोमागे ६५. पाऊण तासाची मजुरी ८० रुपये तासाने ६०. फुटलेला-उरलेला माल १४. बेरीज ४६३. म्हणजे ताई किलोमागे ६३ रुपये खिशातून घालतायत, आणि तीन महिन्यांनी 'धंद्यात काही राम नाही' म्हणून सोडून देतात. पाव किलोचा डबा १३० ला विकला, तर किलोचे ५२० येतात आणि मजुरी धरूनही ५७ उरतात. हा हिशेब प्रत्येक नव्या विक्रेत्याबरोबर, त्यांच्याच वस्तूचा, त्यांच्याच वहीत करून घ्यायचा.

कागदपत्रांत अन्नपदार्थ बनवून विकणाऱ्यांना एफएसएसएआय (केंद्राचं अन्नसुरक्षा प्राधिकरण) नोंदणी लागते, छोट्या उलाढालीला परवाना नाही, साधी नोंदणी पुरते. नोंदणी क्रमांक १४ अंकी असतो आणि तो पाकिटावर छापायचा. पाकिटावर पदार्थाचं नाव, घटक उतरत्या प्रमाणात, निव्वळ वजन, बनवल्याची आणि वापराची मुदत, बॅच, कमाल किंमत, नाव-पत्ता, संपर्क आणि शाकाहारी खूण. उद्यम (लघुउद्योगाची) नोंदणी सरकारी पोर्टलवर मोफत होते, त्यासाठी एजंटला हजार रुपये देऊ नका. बचत गटाचा क्यूआर कोड गटाच्या खात्याचाच असू द्या. एकीच्या वैयक्तिक खात्यात पैसे जमले की दिवाळीच्या फराळानंतर हिशेबावरून गट फुटतो.

वाढीच्या पायऱ्या आधीच छापून द्या. पहिले तीन महिने अर्धं टेबल, १५० रुपये. मग पूर्ण स्टॉल. वर्षभर हजेरी चांगली आणि विक्री स्थिर असेल तर मंडईतला कायमचा गाळा, पहिल्या वर्षी निम्मं भाडं, दुसऱ्या वर्षी पाऊण, तिसऱ्या वर्षी पूर्ण. स्वयंपाकघर नसलेल्यांसाठी तासावर भाड्याने मिळणारं सामायिक स्वयंपाकघर फार उपयोगी पडतं. अमेरिकेतल्या सिनसिनाटीचं फिंडले मार्केट १८५५ पासूनचं. ते चालवणाऱ्या ना-नफा संस्थेने नवख्या उद्योजकांसाठी असं स्वयंपाकघर सुरू केलं आहे. आपल्याकडे वर्षाचे बरेच दिवस रिकाम्या असणाऱ्या मंगल कार्यालयांची स्वयंपाकघरं त्यासाठी विचारून बघण्यासारखी आहेत.

नववी पायरी: मोजा, आणि आजूबाजूला बघा

गर्दी अंदाजाने सांगू नका. दर तासाला दहा मिनिटं दारात उभं राहून आत येणारी माणसं मोजा, सहाने गुणा, सगळ्या तासांची बेरीज करा. विक्रीचे आकडे विक्रेते तोंडी खरे सांगत नाहीत. महिन्यातून एकदा बिननावाच्या चिठ्ठ्या घ्या, फक्त स्टॉलचा प्रकार आणि दिवसाची विक्री, पेटीत टाकायला. माणसं वाढली आणि विक्री वाढली नाही तर मालाची विविधता कमी पडतेय. विक्री एकाच प्रकाराची वाढली तर तिथे अजून एका विक्रेत्याला जागा आहे.

वस्तीत काय बदललं हे बाजाराबाहेर मोजायचं असतं. ३०० मीटरच्या आतली दुकानं दर सहा महिन्यांनी मोजा: किती शटर उघडी, किती बंद, किती नवी. बाजूच्या किराणावाल्याला आणि चहावाल्याला विचारा की बाजाराच्या दिवशी धंदा वाढतो की घटतो. घटत असेल तर त्याच्या दुकानातल्या वस्तू बाजारात ठेवू नका आणि त्याला सल्लागार समितीवर घ्या.

बाजार चांगला चालला की आजूबाजूच्या दुकानांची भाडी चढतात आणि जागामालकालाही ती जागा मोलाची वाटू लागते. तिसऱ्या वर्षी करार संपताना भाडं तिप्पट मागितलं गेलं तर छोटे विक्रेतेच आधी बाहेर पडतात. म्हणून बाजाराला नाव व्हायच्या आत पाच वर्षांचा करार करून घ्या. वार्षिक वाढ ठरावीक टक्क्यांत बांधलेली, करार संपायच्या सहा महिने आधी नूतनीकरणाची बोलणी सुरू करायची अट आणि मधेच जागा काढून घेतल्यास सहा महिन्यांची पूर्वसूचना, ही तीन कलमं त्यात असायलाच हवीत. जागा पालिकेची असेल तर ठराव सर्वसाधारण सभेत मंजूर करून त्याची प्रत फाइलला लावा, कारण आयुक्त बदलले की तोंडी आश्वासनांची आठवण कोणालाच राहत नाही.